यातला डी ड्राइव्ह कुठला? एका इन्स्टॉलेशनचा प्रकरण अभ्यास

ऑपरेटिंग सिस्टिम टाकणं आता कोणालाही जमतं, असं सर्रास म्हटलं जातं. म्हणणारे बहुधा तेच असतात, ज्यांनी ते काम आधी कितीतरी वेळा केलेलं असतं. म्हणून ज्यांनी ते आयुष्यात एकदाही केलेलं नाही, अशा एका व्यक्तीच्या शेजारी बसून सगळी प्रक्रिया पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. त्याची ही नोंद.

व्यक्ती आणि यंत्र

त्या निवृत्त आहेत, मी त्यांना ताई म्हणतो. संगणक रोज वापरतात: मेल, पत्रं टाइप करणं, हिशेबाची शीट, फोटोंची जमवाजमव. बायोस (संगणक चालू होताना सगळ्यात आधी चालणारी, मदरबोर्डवरची प्रणाली) वगैरे शब्द कानावरून गेलेले, पण तिकडे कधी फिरकलेल्या नाहीत. सामान्य वापरकर्ता म्हणतात तो हाच. संगणक न येणारा नव्हे, तर संगणकाच्या पोटात शिरण्याची कधी गरज न पडलेला.

लॅपटॉप इंटेलच्या सातव्या पिढीचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी असलेला. त्यावर विंडोज १०. या आवृत्तीचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) लागतं आणि इंटेलच्या बाबतीत मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे यंत्र ठणठणीत, पण अधिकृत रस्ता बंद. ताईंनी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं ठरवलं, तेही विंडोज न काढता. "भरवसा बसेपर्यंत दोन्ही राहू देत," हे त्यांचं म्हणणं मला अगदी रास्त वाटलं.

लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार रूपांना वितरण म्हणतात. ताईंच्या वितरणाचं नाव देत नाही, कारण इथे दिसलेल्या अडचणी एकाच वितरणाच्या नाहीत. सुरू करण्याआधी दोन गोष्टी ठरल्या. सगळ्या फाइल्सचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून ठेवायची. आणि मी कीबोर्डला हात लावायचा नाही, डेटा जाईल असं दिसल्याशिवाय तोंडही उघडायचं नाही.

इन्स्टॉलर दिसण्याआधीच

आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलेशन डिस्कची अख्खी प्रत एका फाइलमध्ये, उतरवली, जवळपास ३ जीबीची. ताईंनी ती माउसने ओढून पेन ड्राइव्हवर टाकली आणि लॅपटॉप रीस्टार्ट केला. विंडोजच उघडलं. त्यांच्या दृष्टीने त्यांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. फाइल एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायची तर ती ओढायची, हेच आजवर प्रत्येक प्रोग्रॅमने त्यांना शिकवलं आहे. ही फाइल मात्र वेगळ्या प्रोग्रॅमने पेन ड्राइव्हवर अशी उतरवावी लागते, की पेन ड्राइव्ह स्वतःच बूट होणारी, म्हणजे संगणक जिच्यावरून सुरू होईल अशी, डिस्क बनेल. डाउनलोडच्या पानावर ते लिहिलेलं होतं, पण चार दुव्यांच्या पलीकडे. आणि त्याच पानावर ठळकपणे होती ६४ अक्षरांची एसएचए-२५६ बेरीज (फाइल धडधाकट उतरली का हे तपासण्याचा आकडा), जिचं काय करायचं हे त्यांना कळण्याची काहीही शक्यता नव्हती.

पेन ड्राइव्ह तयार झाल्यावर बूट मेन्यूचा, म्हणजे संगणक कशावरून सुरू करायचा ते निवडण्याच्या यादीचा, प्रश्न आला. कुठल्या लॅपटॉपवर एफ१२, कुठे एफ९, कुठे एस्केप. कळ दाबायची वेळ दोन-तीन सेकंदांची आणि कधी दाबायची याची सूचना पडद्यावर नाही. एफ१२, एफ२ करत शेवटी ताईंनी विंडोजमध्येच शोधलं आणि शिफ्ट दाबून रीस्टार्ट करण्याची वाट त्यांना सापडली. त्यातून निळ्या पानावर 'डिव्हाइस वापरा' हा पर्याय येतो आणि तिथून पेन ड्राइव्ह निवडता येतो. कळ शोधत बसण्यापेक्षा हा रस्ता कितीतरी बरा आहे. विंडोज चालू असलेल्या कोणालाही मी आता आधी हाच सांगतो.

आणि मग पेन ड्राइव्हवरून लिनक्सचा डेस्कटॉप उघडला, लॅपटॉपवरच्या कशालाही धक्का न लावता. ताईंनी वायफाय जोडलं, गाणं लावलं, छायाचित्र उघडलं. "म्हणजे हे अजून आत बसलंच नाहीये?" त्यांना विश्वास बसेना. इन्स्टॉलेशनच्या इतिहासात सामान्य माणसासाठी यापेक्षा मोठी सोय झालेली नाही, असं माझं ठाम मत आहे. नॉपिक्स या वितरणाने २००० च्या सुमारास सीडीवरून थेट चालणारं लिनक्स लोकप्रिय केलं. उबुंटू या वितरणाने २००६ मध्ये ६.०६ या आवृत्तीत त्याच सीडीवर चित्रमय इन्स्टॉलर बसवला. आधी चालवून पाहा, पटलं तर बसवा. विंडोजच्या इन्स्टॉलेशन डिस्कवर ही मुभा आजही मिळत नाही.

कुलूप कोणी लावलं?

इन्स्टॉलर सुरू झाला. भाषा, कीबोर्ड, वायफाय ही पानं सरसर गेली. त्यांवर लिहिण्यासारखं काही नाही आणि हीच त्यांची स्तुती आहे.

मग एक पान आलं: या संगणकाच्या डिस्कवर बिटलॉकर एन्क्रिप्शन आहे, विंडोजमध्ये जाऊन ते आधी बंद करा. पुढे जायचं बटणच नाही. बिटलॉकर म्हणजे डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करण्याची विंडोजची सोय.

ताईंनी कधीही एन्क्रिप्शन चालू केलं नव्हतं. पण बऱ्याच लॅपटॉपवर, हार्डवेअर अनुकूल असेल तर, मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केल्यावर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' आपोआप चालू होतं आणि ४८ अंकी रिकव्हरी की (अडलं तर कुलूप उघडणारी किल्ली) त्या खात्यात जमा होते. चोरीच्या दृष्टीने ही व्यवस्था उत्तम आहे. पण आपल्या घराला कुलूप आहे हे घरमालकाला परक्या माणसाने, तेही ऐन कामाच्या वेळी सांगावं, तशी ताईंची अवस्था झाली. "माझे फोटो आत अडकलेत का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. अडकले नव्हते. विंडोजमध्ये सगळं नेहमीसारखं उघडत होतं. पण इन्स्टॉलरच्या त्या पानावर हे एक वाक्य नव्हतं.

त्या विंडोजमध्ये परत गेल्या. सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, डिव्हाइस एन्क्रिप्शन, बंद. डिस्क उलगडायला बराच वेळ लागतो, तो गेला. तेवढ्यात मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन त्यांनी ती ४८ अंकी की वहीत उतरवून घेतली. मी सांगितलं नव्हतं.

या ठिकाणी कितीतरी लोक काम सोडून देत असणार, हे पाहताना कळत होतं. दुसऱ्या एखाद्या लॅपटॉपवर याच जागी इंटेल आरएसटी या डिस्क हाताळण्याच्या पद्धतीची भिंत उभी राहते. तिथे बायोसमध्ये जाऊन डिस्कची पद्धत एएचसीआय या सर्वसाधारण पद्धतीवर आणावी लागते. ते विंडोजला आधी सेफ मोडमध्ये तयार न करता केलं, तर विंडोज उघडायचं बंद होतं. हे ज्ञान सामान्य वापरकर्त्याकडून अपेक्षित धरणं मला अन्यायाचं वाटतं. पण इन्स्टॉलर तरी काय करणार? कुलूपबंद डिस्कवर जबरदस्तीने हात घालण्यापेक्षा थांबणं शहाणपणाचं. तक्रार थांबण्याबद्दल नाही, थांबण्याच्या वेळेबद्दल आहे. 'विंडोजमध्ये अमुक पानावर जाऊन एन्क्रिप्शन चालू आहे का ते पाहा' ही सूचना डाउनलोडच्या बटणाशेजारी असती, तर ताईंचा सगळा हेलपाटा वाचला असता.

डिस्कचं पान

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे येतो.

लॅपटॉपवर एकच एसएसडी, तिचे विंडोजमध्ये दोन भाग: सी आणि डी. सी ११८ जीबी, डी ११९ जीबी. वर्षानुवर्षांचे फोटो डी मध्ये. ताईंच्या मनात संगणकाचा नकाशा एवढाच: सी म्हणजे विंडोज, डी म्हणजे माझं.

इन्स्टॉलरने तीन पर्याय दाखवले. विंडोजच्या शेजारी बसवा, सगळी डिस्क पुसून बसवा, किंवा स्वतः विभाग करा. ताईंनी बरोबर पहिला निवडला. पुढच्या पानावर दोन चौकोन आणि त्यांच्यामध्ये सरकवता येणारी रेघ. डाव्या चौकोनात 'एसडीए४, १२७.८ जीबी', उजव्यात नवी सिस्टिम. वर एक वाक्य: रेघ सरकवून जागा वाटून द्या.

"यातला डी ड्राइव्ह कुठला?"

पानावर सी नव्हतं, डी नव्हतं. लिनक्स डिस्कला अक्षरं देत नाही. पहिली डिस्क एसडीए, तिच्यातला चौथा विभाग एसडीए४. आकारावरून ओळखावं म्हटलं, तर विंडोजमध्ये ११९ असलेला आकडा इथे १२७.८ झाला होता. विंडोज जीबी मोजताना १०२४ च्या पटीत मोजतं आणि हा इन्स्टॉलर १००० च्या. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे. पण समोर बसलेल्या बाईंना दिसलं ते असं, की आपला ११९ चा ड्राइव्ह या यादीत कुठेच नाही.

दुसरी भीती त्याहून मोठी होती. रेघ सरकवली की चौकोन लहान होतो. चौकोनात फोटो आहेत. "मग फोटो कापले जाणार का?" खरं म्हणजे इन्स्टॉलर विभागातली फक्त मोकळी जागा कमी करतो, फाइल्स तशाच राहतात, आणि रेघ फाइल्सच्या हद्दीत शिरूच देत नाही. ही इतकी सुंदर काळजी त्यात घेतलेली आहे, आणि तिच्याबद्दल पानावर एक अक्षर नाही!

ताईंनी पुढे जे केलं त्याचं मला मनापासून कौतुक वाटलं. त्यांनी इन्स्टॉलर तसाच ठेवला आणि फाइल मॅनेजर उघडला. तिथे डाव्या बाजूला '१२७ जीबी व्हॉल्यूम' आणि '१२८ जीबी व्हॉल्यूम' अशी दोन नावं. दुसरं उघडलं, तर फोटोंचे फोल्डर. म्हणजे १२७.८ म्हणजेच १२८, म्हणजेच डी. कोडं त्यांनी स्वतः सोडवलं. पण फोल्डर उघडल्यामुळे तो विभाग वापरात आला, आणि पुन्हा इन्स्टॉलरकडे वळल्यावर नवा प्रश्न उभा: डिस्कचे विभाग माउंट केलेले आहेत, अनमाउंट करू का? (माउंट म्हणजे वापरासाठी जोडणं.) खात्री करून घेण्याची शिक्षा म्हणून आणखी एक न कळणारा प्रश्न.

शेवटी पुष्टीकरणाची चौकट आली. मजकूर असा: पुढील उपकरणांच्या विभाग तक्त्यात बदल होतील, एससीएसआय१ (०,०,०) (एसडीए). पुढील विभाग फॉरमॅट केले जातील, एससीएसआय१ (०,०,०) (एसडीए) चा विभाग क्रमांक ५, ईएक्सटी४ म्हणून. खाली दोन बटणं: मागे जा, पुढे चला.

ताईंचा हात माउसवरून उठला. फॉरमॅट हा शब्द त्यांना नेमका माहीत आहे: सगळं जाणं. विभाग पाच म्हणजे नुकताच मोकळ्या जागेत आखलेला रिकामा तुकडा, हे कळायला वाक्यात काहीच आधार नाही. बराच वेळ त्या चौकटीकडे पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "बॅकअप आहे ना? मग होऊ दे." आणि 'पुढे चला' दाबलं.

या क्षणावर थांबलं पाहिजे. संपूर्ण प्रक्रियेतला हा एकमेव निर्णय, जो चुकला तर भरून येत नाही. आणि तो ताईंनी समजून घेतला नाही, बॅकअपच्या जोरावर सोसला. त्या चौकटीने त्यांची संमती घेतली असं तांत्रिकदृष्ट्या म्हणता येईल. माझ्या लेखी ती संमती नव्हती.

पुढच्याच पानावर वेळक्षेत्र विचारलं. खाली बारीक पट्टी पुढे सरकत होती. ताईंनी विचारलं, "अजून मागे फिरता येईल ना?" नाही. फाइल्स कॉपी व्हायला लागल्या होत्या. वेळ वाचावा म्हणून काही इन्स्टॉलर नाव-पासवर्ड विचारता विचारताच काम सुरू करतात. काही मिनिटं वाचतात, पण परतीची सीमा कुठे ओलांडली हे वापरकर्त्याला कळत नाही. याच्या उलट, कालामारेस हा अनेक वितरणांत वापरला जाणारा इन्स्टॉलर डिस्कच्या पानावर 'आत्ता' आणि 'नंतर' अशा दोन रंगीत पट्ट्या एकाखाली एक दाखवतो, आधी सगळं विचारून घेतो, सारांश दाखवतो आणि शेवटच्या बटणापर्यंत डिस्कला हात लावत नाही. उबुंटूनेही २३.०४ पासून आणलेल्या नव्या इन्स्टॉलरमध्ये असाच क्रम ठेवला आहे. वेग थोडा कमी पडला तरी चालेल, हाच क्रम बरोबर आहे.

निळं पान आणि नंतरची घडी

एक पासवर्ड ताईंनी मध्येच दिला होता. जादा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारी सॉफ्टवेअर) आणि मीडिया कोडेक (गाणी-व्हिडिओ चालवणारे घटक) हवेत अशी खूण केल्यावर सिक्युअर बूट, म्हणजे मान्यता नसलेलं सॉफ्टवेअर सुरुवातीलाच अडवणारी सोय, हिच्यासाठी निदान आठ अक्षरांचा पासवर्ड मागितला गेला. त्यांना तो लॉगिनचा वाटला. रीस्टार्टनंतर निळं पान आलं, त्यावर एमओके (जादा ड्रायव्हरना मान्यता देणारी किल्ली) व्यवस्थापनासाठी कळ दाबा, आणि दहापासून उलटी मोजणी. त्यांनी घाईने कळ दाबली, मेन्यूतला पहिला पर्याय 'बूट चालू ठेवा' होता, तो निवडला. कोणीही तोच निवडेल. खरा हवा असलेला 'एमओके नोंदवा' त्याच्या खाली होता. या लॅपटॉपला बाहेरच्या ड्रायव्हरची गरज नव्हती म्हणून काही अडलं नाही. वायफायची चिप वेगळी असती, तर इथेच नेट गेलं असतं, आणि तो ड्रायव्हर पुन्हा नोंदवायला टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडावं लागलं असतं.

बाकी सगळं नीट झालं. बूट मेन्यूत लिनक्स वर, विंडोज खाली. डी मधले फोटो जागच्या जागी. विंडोज उघडल्यावर घड्याळ काही तास मागे पडलेलं दिसलं, कारण लिनक्स मदरबोर्डवरचं घड्याळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवतं आणि विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं. ताईंना वाटलं बॅटरी गेली. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगणारी एक आज्ञा दिल्यावर ते सुटलं. दोन सिस्टिम शेजारी ठेवणाऱ्यांना ही अडचण वारंवार येते. शेजारी विंडोज आहे हे इन्स्टॉलरला ठाऊक असतंच, तेव्हा एक प्रश्न विचारणं त्याला जड नव्हतं.

विंडोज सोपं असतं का?

ही तुलना नेहमी होते आणि नेहमी वाकडी होते. बहुतेकांनी विंडोज कधी बसवलेलंच नसतं, ते यंत्राबरोबर आलेलं असतं. बसवायची वेळ आली तर तिथेही डिस्कचं पान 'ड्राइव्ह ०, विभाग ३' अशा यादीचंच आहे. शेजारी दुसरी सिस्टिम सांभाळून घेण्याचा पर्याय तर नाहीच. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर व्हीएमडी या इंटेलच्या डिस्क-व्यवस्थेचा ड्रायव्हर वेगळा दिल्याशिवाय विंडोजच्या इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही. विंडोज एक्सपीच्या काळात एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागायचा, तीच ही कहाणी. विंडोज ११ होमच्या सेटअपला इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं, आणि वायफायचा ड्रायव्हर नसेल तर गाडी तिथेच अडते.

गूगलचं क्रोमओएस फ्लेक्स खरोखर सोपं आहे, कारण ते सगळी डिस्क पुसून टाकतं आणि दोन सिस्टिम शेजारी ठेवायला अधिकृत पाठिंबाच देत नाही. ज्यांच्या यंत्रावर राखण्यासारखं काही नाही त्यांना ते चालेल. ताईंना ते चाललं नसतं. आणि माझ्या मते इन्स्टॉलर सोपा आहे की नाही हे ताईंसारख्यांच्याच यंत्रावर तपासलं पाहिजे, जिथे आधीचं काहीतरी जपायचं आहे.

काय बदलता येईल

डिस्कच्या पानाला लागणारी सगळी माहिती इन्स्टॉलरकडे असतेच. तो विभाग वाचू शकतो, विंडोज कुठे आहे ते ओळखतो, किती जागा भरलेली आहे हे त्याला कळतं. मग 'एसडीए४' च्या जागी 'फोटो, डॉक्युमेंट्स हे फोल्डर असलेला विभाग. विंडोजमध्ये याचा आकार ११९ जीबी दिसतो' असं लिहिता येतं. शेवटच्या चौकटीत तीन ओळी पुरतात: विंडोज राहील. तुमच्या सध्याच्या फाइल्स राहतील. मोकळ्या जागेतला इतका भाग नव्या सिस्टिमला जाईल. आणि पुसण्याचा पर्याय निवडला असेल तर त्याच जागी, जाणाऱ्या फोल्डरांच्या नावांसकट, लाल अक्षरात उलटं लिहायचं. विभागाचा क्रमांक ज्यांना हवा त्यांच्यासाठी 'तपशील' हे बटण ठेवावं.

असे बदल अशक्य नसतात. डेबियन या वितरणाचा अधिकृत इन्स्टॉलर कित्येक वर्षं वायफायचं फर्मवेअर (चिप चालायला लागणारं सॉफ्टवेअर) सोबत देत नसे, तुम्हीच ते वेगळ्या पेन ड्राइव्हवर आणा म्हणून सांगत असे. २०२२ मध्ये प्रकल्पाच्या सदस्यांनी मतदान केलं आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच मिळू लागलं. फक्त मुक्त सॉफ्टवेअर द्यायचं या तत्त्वाला मुरड घालून, वापरणाऱ्याचा विचार करून घेतलेला तो निर्णय होता.

तोवर कोणाला ताईंच्या वाटेने जायचं असेल, तर या प्रकरणावरून ठरलेला क्रम सांगतो. आधी बॅकअप, आणि त्यातल्या दोन-चार फाइल्स उघडून पाहणं. मग विंडोजमध्येच सी आणि डी ला स्वतःची नावं देणं, म्हणजे फाइल मॅनेजरमध्ये आकड्यांऐवजी तीच नावं दिसतात. रिकव्हरी की कागदावर उतरवणं, एन्क्रिप्शन आणि फास्ट स्टार्टअप (विंडोज अर्धवट बंद करून लवकर सुरू करण्याची सोय) बंद करणं, आणि जागा कमी करण्याचं काम विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून उरकणं. असं केल्यावर इन्स्टॉलरला कोणताही जुना विभाग लहान करावा लागत नाही. तयार मोकळी जागा त्याला दिसते आणि त्या सरकणाऱ्या रेघेची बहुधा गाठच पडत नाही. ताईंच्या बहिणीच्या लॅपटॉपवर आता हाच क्रम वापरायचा ठरला आहे, आणि तिथे शेजारी मी नव्हे, ताई बसणार आहेत.